एकादशीच्या ताटातले पाहुणे



येत्या एकादशीला उपवासाचे ताट पुढे आले म्हणजे पहिला घास घेण्याआधी जरा थांबा आणि ताटात काय काय वाढले आहे ते नीट न्याहाळा. साबुदाण्याची खिचडी असेल. तीत शेंगदाण्याचे कूट, बटाट्याच्या फोडी आणि हिरवी मिरची असेल. शेजारी उकडलेले रताळे असेल, आणि पोरांनी हट्टाने उपवास धरला असेल तर त्यांच्यासाठी राजगिऱ्याचा लाडू. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही थट्टा आपण सगळेच करतो, ती आज बाजूला ठेवू. मला सांगायचे आहे ते निराळेच. या ताटातला साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, मिरची, रताळे आणि राजगिरा हे सहाच्या सहा जिन्नस मूळचे आपल्याकडचे नाहीत. सगळे सातासमुद्रापलीकडच्या अमेरिका खंडातले आहेत. फोडणीतले जिरेसुद्धा पश्चिम आशियाकडचे. निव्वळ आपले म्हणावे असे त्या खिचडीत तूप आणि मीठ एवढेच उरते.

तुम्ही म्हणाल, साहेब काहीतरीच सांगतात. पण हिशेब सोपा आहे. कोलंबस अमेरिकेच्या बेटांना लागला तो १४९२ साली. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली, आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० साली. ही पिके आपल्याकडे आली ती त्यानंतर, आणि त्यांतली बरीचशी पोर्तुगीजांच्या गलबतांतून. आता ज्ञानेश्वर माउलींनी आळंदीला समाधी घेतली ती १२९६ साली. म्हणजे माउली, नामदेव, जनाबाई, चोखोबा यांनी जन्मभर एकादशी केली, पण साबुदाण्याची खिचडी त्यांच्यापैकी कोणी डोळ्यांनी पाहिली नाही. शेंगदाणा फोडला नाही, मिरचीचा ठसका त्यांना कधी लागला नाही.

पिकांबरोबर त्यांची नावेही आली. काजू, अननस, पपई, तंबाखू हे शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आले. बटाट्याची तर गंमतच आहे. हिंदी मुलखात त्याला आलू म्हणतात, आपण, गोवेकर आणि गुजराती मात्र बटाटा म्हणतो. हा शब्द कोलंबसला भेटलेल्या बेटांवरच्या लोकांचा, आणि त्यांच्या बोलीत 'बटाटा' म्हणजे रताळे! गोऱ्या खलाशांनी दोन्ही कंदांचा घोळ घातला आणि रताळ्याचे नाव बटाट्याला चिकटले, ते आजतागायत.

दसऱ्याला आपण दाराला ज्याचे तोरण बांधतो तो झेंडूही मेक्सिकोचा. तिकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांचा सण असतो. त्या दिवशी थडग्यांवर आणि घरातल्या देव्हाऱ्यावर हाच पिवळा-केशरी झेंडू वाहतात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, म्हणून आयाबाया परसातल्या भाज्या गोळा करून ऋषीची भाजी करतात. तीत पडणारे मक्याचे कणीस आणि लाल भोपळा हेही अमेरिकेचेच. पेरू, सीताफळ, टोमॅटो ही नावे घेत बसलो तर अंक पुरायचा नाही.

एका गावी आषाढीच्या आधी महिलांची सभा होती. तिथे मी हे सारे सांगितले तेव्हा बाया हसल्या, पण पुढे बसलेल्या एका आजी गंभीर झाल्या. त्यांनी विचारले, "मग इतकी वर्षं केलेला आमचा उपास मोडला म्हणायचा का?" मी शेतीचा पदवीधर. ऊस, कापूस, किडी, खते यांवर काही विचारले तर सांगेन, पण याचे उत्तर कोणत्या पुस्तकात सापडणार? मी घुटमळलो. तोवर आजींनीच स्वतःशी निकाल लावला. म्हणाल्या, "सुनाबी परघरच्याच असत्यात की. चार पावसाळं काढलं की घरच्याच होत्यात." एवढे बोलून त्यांनी चंची उघडली आणि पानाला चुना लावला. तिच्यातल्या तंबाखूचे मूळ गाव सांगण्याचे धाडस मला झाले नाही.

बाहेरची ही पिके उपवासाला चालू कशी लागली याबद्दल माझा एक तर्क आहे. उपवासाला वर्ज्य होते ते धान्य आणि कडधान्य. नवे पीक आले तेव्हा त्याचे नाव जुन्या यादीत नव्हते, म्हणून ते खुशाल आत शिरले. नाहीतर वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर शेंगदाणा हा तूर-हरभऱ्याचा सख्खा भाऊबंद. तूर चालत नाही, शेंगदाणा चालतो! वांगे एकादशीला हद्दपार, पण वांग्याच्याच कुळातले बटाटा आणि मिरची पंगतीला बसलेले. त्याच कुळात धोतराही आहे. म्हणूनच उन्हात पडून हिरवा झालेला बटाटा खाऊ नये. कुळाचे जहर त्या हिरव्या भागात उतरते. ते शिजवल्याने जात नाही, तेव्हा असा बटाटा टाकून द्यावा हे बरे.

मिरचीविषयी थोडे सांगतो. ती येण्यापूर्वी आपला तिखटपणा होता तो मिरी, सुंठ, पिंपळी यांचा. मिरी या शब्दावरूनच मिरचीचे नाव पडले. कोलंबस निघाला होता आपल्याकडची मिरी शोधायला. त्याला सापडली मिरची, आणि त्याने तिलाच मिरी म्हणून टाकले. इंग्रजीत आजही दोघींना एकच नाव आहे. मिरची चिरताना बाया बी काढून टाकतात, का तर बी तिखट. खरे पाहता तिखटपणा बियांत नसतो, ज्या पांढऱ्या शिरेला बिया चिकटलेल्या असतात तिच्यात असतो. तिखट ही जिभेची चवही नव्हे. चटका ओळखणाऱ्या ज्या नसा आपल्या अंगात आहेत, त्यांनाच मिरचीतला रस चेतवतो, आणि गरम पाण्याने पोळल्याचा भास होतो. डेव्हिड ज्युलियस नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हे गुपित मिरचीच्याच साह्याने उकलले, आणि २०२१ सालच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. हा रस पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. म्हणून ठसका लागल्यावर तांब्याभर पाणी पिऊन उपयोग होत नाही. दूध प्यावे, दह्याची कवडी घ्यावी.

पोपट मिरची मिटक्या मारीत कसा खातो, हा प्रश्न लहानपणी तुम्हालाही पडला असेल. पाखरांच्या नसांना हा चटका मुळी कळतच नाही. झाडाचा त्यात स्वार्थ आहे. उंदीर-घुशीसारखी जनावरे बी दातांनी चावून मारून टाकतात. पाखरू ते सबंध गिळते आणि दूरवर नेऊन टाकते. तेव्हा जनावराला चटका आणि पाखराला मेजवानी, अशी व्यवस्था झाडाने करून ठेवली. माणूस मात्र असा विचित्र प्राणी, की ज्या चटक्याने पळून जायचे त्याचीच त्याला गोडी लागली.

आता शेंगदाणा. हे माझे आवडते पीक, तेव्हा इथे जरा रेंगाळलो तर रागावू नका. आपल्या लोकांनी त्याला भुईमूग म्हटले, किती नेमके! हा मुगाच्या जातीचाच, फक्त भुईत पिकणारा. फूल लागते वर, उजेडात. फलधारणा झाली की फुलाच्या बुडातून एक दांडी निघते आणि जमिनीचा रोख धरून खाली वाढत जाते. आपण तिला आरी म्हणतो. ती मातीत घुसून अंधारात गेली तरच शेंग धरते. मातीपर्यंत पोचली नाही तर वाळून जाते. आपल्याकडचे जुने शेतकरी पेरणीनंतर चाळीस-पन्नास दिवसांनी पिकावरून रिकामे पिंप फिरवतात, ते याचसाठी. झाड दबते आणि वरच्या आऱ्या मातीला टेकतात. त्यानंतर कोळपे घालायचे नसते. दुसरी नवलाची गोष्ट अशी की शेंगेला लागणारे कॅल्शियम मुळांकडून मिळत नाही. शेंग स्वतःच ते भोवतालच्या मातीतून शोषून घेते. आऱ्या सुटताना झाडाच्या बुडाशी जिप्सम टाका असे आम्ही लोक ओरडून सांगतो, ते यामुळे. जिप्सम लांब पडले तर शेंगा भरत नाहीत, पोचट राहतात.

हे पीक दक्षिण अमेरिकेतले. तिथे पेरू नावाचा देश आहे. त्या देशात सिपान येथे १९८७ साली एका प्राचीन राजाची कबर उघडली. सुमारे सतराशे वर्षांपूर्वीची. राजाच्या गळ्यात माळ होती ती सोन्याच्या आणि चांदीच्या भुईमूग शेंगांची! आपल्याकडे मोहनमाळ, बोरमाळ, तशी त्यांची शेंगमाळ. पिकाचा एवढा मान दुसऱ्या कोणी राजाने केल्याचे मी तरी वाचलेले नाही.

शेंगदाण्याचे नाव निघाले की जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे नाव निघणारच. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक १९८१ साली आले आणि मराठी घराघरांत हा माणूस ओळखीचा झाला. १८६४ च्या सुमारास गुलामगिरीत जन्मलेला हा काळा मुलगा पुढे शेतीशास्त्राचा प्रोफेसर झाला. १८९६ साली तो टस्कीगीच्या संस्थेत गेला आणि १९४३ साली मरेपर्यंत तिथेच राहिला. कापूस घेऊन घेऊन तिथल्या जमिनी मेल्या होत्या. त्यांना जीव यावा म्हणून चवळी, भुईमूग आणि रताळी लावा असे तो सांगे. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीला देतात हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, तेव्हा ते गरीब शेतकऱ्याच्या दारात जाऊन सांगावे लागत होते. लोकांनी भुईमूग पिकवला, पण खायचा कसा? म्हणून त्याने १९१६ साली एक पत्रिका काढली, तीत शेंगदाण्याचे १०५ पदार्थ दिले. शेंगदाण्याचे लोणी त्यानेच शोधले असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. त्या प्रकारचे पेटंट कॅनडातल्या एडसन नावाच्या गृहस्थाने १८८४ सालीच घेतले होते. कार्व्हरचे मोठेपण त्या लोण्यावाचून अडलेले नाही.

मला त्याची सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. १९०६ साली टस्कीगीहून एक गाडी निघाली. खेचरे जुंपलेली, आत अवजारे आणि बियाणे. शेतकऱ्याला शाळेत येणे जमत नसेल तर शाळेनेच त्याच्या बांधावर जावे, हा त्या गाडीमागचा विचार. गाडी कशी असावी याचा आराखडा कार्व्हरने आखला होता. मी विस्तार खात्याचा माणूस. मोटारसायकलवर सॅम्पलच्या पिशव्या बांधून गावोगाव हिंडताना ती खेचरांची गाडी मला पुष्कळदा आठवते. आमच्या धंद्याची ती पणजी.

बटाट्याकडे वळू. दक्षिण अमेरिकेत अँडीज नावाचा डोंगर आहे. तिथल्या लोकांनी सात-आठ हजार वर्षांपूर्वी तो लागवडीखाली आणला. आपल्या बाया उन्हाळ्यात बटाट्याचा कीस वाळवतात. तिकडचे डोंगरी लोक रात्री बटाटे उघड्यावर पसरतात, कडाक्याच्या थंडीत ते गोठतात. दिवसा उन्हात नरम पडले की पायांनी तुडवून पाणी काढतात, पुन्हा वाळवतात. असा वाळवलेला बटाटा वर्षानुवर्षे टिकतो. ज्या बाईला पहिल्यांदा हे सुचले असेल तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

पण बटाट्याची एक काळी कथा आहे, ती सांगितलीच पाहिजे. बटाटा आपण बियांपासून लावत नाही, बेण्यापासून लावतो. म्हणजे एका जातीचे सारे बटाटे ही एकाच झाडाची तोडून लावलेली अंगे. रोगाला एक बळी पडला की सगळे पडतात. आयर्लंडमध्ये गरीब कुळे बटाट्यावरच जगत होती, आणि बहुतेकांची जात एकच, लंपर नावाची. १८४५ साली तिथे करपा आला. आज हिरवेगार दिसणारे शेत पाहता पाहता काळे पडू लागले, जमिनीतले कंद सडून घाण येऊ लागली. काही वर्षे हे चालले. दहा लाखांच्या आसपास माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली, आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या खानेसुमारीत त्या बेटावर ८१ लाखांवर माणसे होती, १८५१ साली ६५ लाख उरली. पावणेदोनशे वर्षे होऊन गेली, तरी ते बेट आजही त्या जुन्या आकड्याला पोचलेले नाही. धान्य देशात नव्हते असेही नाही. त्याच वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि जनावरे इंग्लंडला रवाना होत होती. गरिबाच्या वाट्याला मात्र ते आले नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी दुष्काळ पाहिलेले आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागले नसते.

याच्या उलट, अँडीजचा शेतकरी आजही एका वावरात नाना जातींचे बटाटे मिसळून लावतो. लांबट, गोल, जांभळे, पिवळे, कडू, गोड. एखादी जात रोगाने गेली तर दुसरी हाती लागते. त्या भागात बटाट्याच्या चार हजारांवर गावरान जाती आहेत, आणि पेरू देशात लिमा शहरी १९७१ साली स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र त्या जपून ठेवते. आपण बाजारात नाव झालेल्या एका वाणामागे सगळे गाव धावतो, तेव्हा मला ते लंपर आठवते. एकाने लावले म्हणून शंभरांनी लावू नये असे मी सभेत सांगतो. कोणी ऐकते, कोणी नाही.

त्या करप्यावर औषध सापडले ते मात्र चोरांच्या कृपेने. फ्रान्सात बोर्डो गावाजवळ द्राक्षाचे मळे आहेत. रस्त्याकडेच्या वेलींचे घड वाटसरू तोडून खात. म्हणून मळेवाले कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना कालवून शिंपडत. पाने निळसर, ओंगळ दिसू लागली की विष मारले आहे असे समजून कोणी हात लावत नसे. १८८२ साली मिलार्दे नावाच्या प्रोफेसराच्या लक्षात आले की सगळा मळा केवड्याने झडून गेला, पण या कडेच्या ओळी तेवढ्या हिरव्या आहेत! त्याने प्रयोग करून १८८५ साली ते प्रसिद्ध केले, आणि पुढे तेच बटाट्याच्या करप्यावरही लागू पडले. आज आपण ज्याला बोर्डो मिश्रण म्हणतो ते हेच. नाशिकचा द्राक्षवाला आणि कोकणातला सुपारीवाला अजून ते वापरतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, आणि मिश्रणात चकचकीत लोखंडी सुरी बुडवून पाहायची. सुरीवर तांबूस पुट चढले तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालायचा.

रताळ्याबद्दल थोडक्यात. नाव बटाट्याला गेले, पण नात्याने ते बटाट्याचे कोणी लागत नाही. कालव्याच्या कडेला जी बेशरम माजते ना, तिच्या कुळातले ते. दोघांची फुले शेजारी धरून पाहा, तीच फिकट जांभळी कर्ण्यासारखी ठेवण. एकीला आपण उपटून फेकतो, दुसऱ्याला देवापुढे ठेवतो.

साबुदाणा झाडाला दाण्यासारखा लागतो अशी पुष्कळांची समजूत आहे. शिकलेल्या माणसांचीही. पूर्वी तो पूर्वेकडच्या बेटांवरच्या सागू नावाच्या ताडासारख्या झाडापासून होई. ते झाड फोडून आतल्या गाभ्यातले पिठूळ सत्त्व काढीत. दुसऱ्या महायुद्धात तिकडून येणारा माल थांबला, आणि १९४० नंतरच्या त्या वर्षांत तामिळनाडूत सेलमच्या भागात टॅपिओका नावाच्या कंदापासून साबुदाणा करायला सुरुवात झाली. हा कंद मूळचा ब्राझीलकडचा. केरळात त्याचा प्रसार १८८० च्या सुमारास त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी मोठ्या प्रयत्नाने केला, गरिबाला भाताखेरीज काही आधार असावा म्हणून. सेलमचे कारखाने कंद सोलून, दळून, पाण्यात त्याचे दुधासारखे सत्त्व निवळू देतात. खाली बसलेले ओले पीठ हलवून हलवून त्याच्या गोळ्या करतात, त्या तापल्या तव्यांवर परततात आणि उन्हात वाळवतात. आपल्या ताटातला बहुतेक साबुदाणा हाच. गंमत अशी की ज्या कंदाच्या दाण्यांवर आपण एकादशी काढतो, तोच कंद केरळात कप्पा म्हणून उकडतात आणि माशांच्या कालवणाशी चवीने खातात.

हा कंद कच्चा खाऊ नये, त्यातून सायनाइड हे जहर सुटते. किसून, पिळून, धुऊन ते घालवण्याची युक्ती ब्राझीलच्या वनवासी बायांनी कोणत्याही प्रयोगशाळेवाचून शोधली होती. पण धुता धुता दुसरेही बरेच काही वाहून जाते. साबुदाण्यात राहतो तो जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिने शेकडा एकही नाहीत. शेंगदाण्यात ती शेकडा पंचवीसच्या आसपास असतात. तेव्हा खिचडीत कूट घालताना हात आखडता घेऊ नका. दिवसभर भांगलण करून आलेल्या बाईचा उपवास असेल तर तिच्या ताटात साबुदाण्याहून कूट महत्त्वाचे. चवीसाठी म्हणून चमचाभर टाकायची ती वस्तू नव्हे.

राजगिरा दिसतो धान्यासारखा, पण तो आहे आपल्या माठाचा आणि तांदुळज्याचा भाऊ. त्या भाज्यांचे बी चिमटीत धरून पाहा, तसेच बारीक आणि तुकतुकीत. मेक्सिकोच्या अ‍ॅझ्टेक लोकांचे हे मोठे पीक. सणाला ते राजगिऱ्याचे पीठ गोड रसात मळून त्याची देवाची मूर्ती करीत, आणि पूजा झाल्यावर तिचे तुकडे प्रसाद म्हणून वाटून खात. १५२१ साली स्पॅनिश लोकांनी त्यांचे राज्य जिंकले. त्यांच्या पाद्र्यांना हा प्रसाद आपल्या धर्माची विटंबना वाटली. त्यांनी ती पूजा मोडून काढली, आणि तिच्याबरोबर त्या पिकाचीही पीछेहाट झाली. तरी डोंगरातल्या लोकांनी बी राखले. आज मेक्सिकोच्या रस्त्यांवर राजगिऱ्याच्या लाह्या मधात घालून केलेल्या वड्या विकतात, तिथे तिला 'आनंद' अशा अर्थाचे नाव आहे. आपल्या यात्रेतल्या राजगिऱ्याच्या चिक्कीशेजारी ती ठेवली तर कोणती कुठली हे ओळखता यायचे नाही. अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर, दोन धर्मांत, हे एकच बी देवाच्या प्रसादाला लागले याचे मला फार नवल वाटते.

मग उपवासाचे घरचे असे काहीच नाही का? आहे. शिंगाडा या बाजूचाच. आणि भगर, जिला आपण वरई म्हणतो, ती तर भारतातच लागवडीला आलेली. सुरगाणा, पेठ, इगतपुरी, अकोले, जव्हार, मोखाडा या डोंगरी पट्ट्यात आदिवासी शेतकरी नागलीच्या जोडीने ती उतारावर लावतात. दुसरे काही येणार नाही अशा हलक्या जमिनीत ती येते. खत थोडे, पाणी पावसाचे, बी घरचे. पण दाण्यावरचे टरफल चिवट, आणि ते काढायला बायांना उखळात कांडत बसावे लागे. त्या कष्टाला कंटाळून पुष्कळ घरांनी वरई सोडली. आता काही गावांत टरफल काढणारी लहान यंत्रे आली आहेत, हे चांगले झाले. भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले तेव्हा वरईचे नाव शहरांतही घेतले गेले. सहा परदेशी पाहुण्यांची मी एवढी तारीफ केली, पण घरच्या या लेकीला आपण ताटाच्या कोपऱ्यात सरकवले आहे हेही खरे.

तिच्याबाबत एक सावधगिरी सांगतो. महाशिवरात्रीला किंवा नवरात्रात भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतात. दोष भगरीचा नसतो. दमट जागेत साठवल्याने तिच्यावर बुरशी धरते आणि त्या बुरशीचे विष पोटात जाते. विशेषतः तयार पीठ लवकर ओलावा धरते. भगर सुटी आणि जुनी घेऊ नका. आणली की निवडून, स्वच्छ धुऊन, कडक उन्हात वाळवा आणि कोरड्या, झाकणाच्या डब्यात भरा. कुबट वास आला, रंग पालटलेला दिसला तर मोह न धरता टाकून द्या. पीठ त्या दिवसाला लागेल तेवढेच दळा. उरले तर पुढच्या एकादशीसाठी ठेवू नका.